सरकलेले दगड आणि मैलकुली आप्पा

आप्पा ग्रामसभेत उभा राहिला आणि जे बोलला ते ऐकून माझ्या हातातला चहा माझ्याच मांडीवर सांडला. मांडी भाजली, पण मी जागचा हललो नाही. शेजारचा म्हणाला, "बापू, चहा!" मी म्हटलं, "असू दे." त्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. माझं मन अजून जागेवर आलेलं नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. जन्मभर टायर खोलले, लिहायची सवय नाही. पण लोक आप्पाबद्दल काहीबाही बोलतात. कोण म्हणतं साधू होता, कोण म्हणतं म्हातारपणी डोकं फिरलं होतं. दोन्ही खोटं. पन्नास वर्षं मी त्याला रोज बघितलेलं आहे, म्हणून मीच लिहितो. चुकलं तर माझं चुकेल, पण दुसऱ्यानं सांगितलेलं लिहिणार नाही.

कोरेगावाकडून औंधावरनं खाली सांगलीच्या बाजूला जो रस्ता जातो, त्यावर आमचा फाटा आहे. फाट्याच्या ऐन वळणावर माझं पंक्चरचं पत्र्याचं शेड. आप्पा त्या रस्त्यावर बांधकाम खात्याचा मैलकुली होता. आता ही नोकरी कुणाला ठाऊक नाही. मैलकुली म्हणजे नेमून दिलेल्या रस्त्याची राखण करणारा. खड्डा बुजवायचा, कडेचा चर काढायचा, साईडपट्टीला मुरूम टाकायचा, आणि दिवाळीच्या आधी झाडांच्या बुंध्यांना आणि हद्दीच्या दगडांना चुना मारायचा. हद्दीचा दगड म्हणजे सरकारी रस्त्याची जागा इथं संपली, हे सांगणारा दगड. नोकरी सुटून बारा-पंधरा वर्षं झाली तरी आप्पानं काम सोडलं नाही. पगार थांबला, एवढाच काय तो फरक.

अंगानं वाळक्या शेंगेसारखा. मान कायम पुढं वाकलेली, कारण सगळा जन्म खाली बघण्यात गेला. रस्त्यात माणूस भेटला तरी आधी त्याच्या पायाखाली बघायचा, मग तोंडाकडं. पाहुणा आला की "कसं हाय?" असं न विचारता "कुठल्या रस्त्यानं आला?" विचारायचा. आणि पाहुणा काय सांगतोय त्यापेक्षा त्याच्या चपलेला कसला चिखल लागलाय ह्यावर त्याचा जास्त विश्वास.

रोज सकाळी तो फावडं खांद्यावर टाकून औंधाच्या बाजूनं चालत यायचा आणि वाटेत सापडलेले खिळे, तारा, बोल्ट माझ्या शेडातल्या फळीवर आणून ओतायचा.

"घे. तुझी चार गिऱ्हाइकं आज मी हितंच मारली."

"तुझ्यासारखा दोस्त असल्यावर मला वैरी कशाला पायजे?" मी म्हणायचो.

"चहा सांग."

"चहाचं पैसं कुठनं आणू? गिऱ्हाईक तू मारलंस की."

मग तो हसायचा. हसताना आवाज येत नसे, नुसते खांदे हलायचे. असं आमचं रोजचं. मी खरंच चिडायचो, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं खिळे आणायचं थांबवलं नाही आणि मी चहा सांगायचा थांबवला नाही.

पाऊस आला की माणसं आत पळतात, हा बाहेर पळायचा. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चराच्या कडेला उभा राहायचा आणि पाणी कुठनं येतं, कुठं अडतं हे बघायचा. म्हणायचा, "रस्ता गाडीनं मरत न्हाई गड्या, पाण्यानं मरतोय. पाण्याला वाट दिली की रस्ता आपल्या नातवापातूर चालतोय." हे त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलं की मी कान झाकून घ्यायचो. पण खातं आमच्या पुढच्या-मागच्या रस्त्यावर दर दोन वर्षांनी डांबर ओतायचं आणि आप्पाच्या वाट्याचा तुकडा तसाच टिकून असायचा. ते मात्र मी डोळ्यांनी बघितलं.

एकदा त्याच्या सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं. मांडव दारात मावेना, म्हणून पोरांनी चार खांब साईडपट्टीत आणि एक थेट डांबरात पुरला. आप्पा नवा फेटा बांधून बाहेर आला, खांब बघितला, आणि काही न बोलता तो हलवून हलवून उपटला. मांडवाचा एक कोपरा वाजंत्रीवाल्यांच्या अंगावर आला. बायका ओरडल्या. मुलीकडच्या मंडळींना वाटलं भांडण लागलं. आप्पा त्याच फेट्यानिशी उकिडवा बसून खड्ड्यात मुरूम भरत होता आणि वर पाय देऊन चोपत होता. त्याचा भाऊ म्हणाला, "आरं, आज तर ऱ्हाऊ दे!" हा म्हणतो, "लगीन आजच्या दिसाचं. खड्डा पावसाळाभर ऱ्हाणार." मुलीचा मामा हे ऐकून इतका हसला की सोयरीक उलट घट्ट झाली.

हे सगळं गमतीचं. पुढं मात्र गंमत राहिली नाही.

आमचा रस्ता चौपदरी होणार अशी बातमी आली. कुणी म्हणालं वरून मंजूर आहे, कुणी म्हणालं मोजणी झाली की झालं. आमच्या बाजूला आनंदीआनंद. ज्याचं रान रस्त्याला लागून, त्याला मोबदला. ज्याचं मागं, त्याचं रान आता पुढं येणार. कुणी हॉटेल काढणार, कुणी पेट्रोलपंप. मीसुद्धा म्हटलं, चार पदर म्हणजे दुप्पट टायर. फाट्याच्या पुढं, पलीकडच्या बाजूला, आप्पाचंही दीड एकर रान रस्त्याला लागून होतं आणि त्याचा फौजेतला मुलगा फोनवर घराचा नकाशा सांगत होता.

ह्या सगळ्याला कारण काय, तर उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याला जातो. तो बैलाच्या चालीनं चालतो आणि त्याच्या मागं एसटी, जीप, मोटारी, दुधाचे टेम्पो अशी शेपटी लागते. माझ्या वळणावर तर पुढचं दिसतच नाही, म्हणून कुणी पुढं काढू धजत नाही. आणि धजला तर काय होतं तेही आम्ही बघितलेलं आहे.

आप्पानं एका हंगामात काय केलं, तर रोज येऊन वळणाजवळ बसला. मोटारी मोजल्या नाहीत, नुसतं बघितलं. मग एक दिवस मला म्हणाला, "ट्रॉली वाईट न्हाई. तिला थांबायला जागा न्हाई, ह्ये वाईट हाय."

दुसऱ्या आठवड्यात त्यानं आपल्या रानाच्या कडेला, रस्त्याला लागून, एक लांबट पट्टी सपाट केली. मुरूम टाकला, पाणी मारलं, स्वतः चोपलं. दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर नीट उभे राहतील एवढी. तिला तो इसावा म्हणायचा. मग रस्त्यात उभा राहून ट्रॅक्टरवाल्यांना हात करायचा, "हिकडं घे! घटकाभर उभा ऱ्हा. मागच्या गाड्या म्होरं जाऊ दे, मग जा." पहिले दोन दिवस ट्रॅक्टरवाल्यांनी शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी एकजण थांबला. मागची शेपटी भुर्रकन निघून गेली आणि ट्रॅक्टरवाल्यानं निवांत तंबाखू मळली. त्या हंगामात तो अडकून पडण्याचा त्रास आमच्या तुकड्यात निम्मा झाला असेल. फाट्यावरचे लोक म्हणाले, "आप्पा, लय झ्याक." आणि लगेच चौपदरीच्या गप्पा मारायला लागले.

मग ग्रामसभा. खात्याकडून एक मॅडम आल्या होत्या, सांगलीकडच्या, नव्या अभियंता. वय लहान, बोलणं स्वच्छ. त्यांनी शाळेच्या भिंतीवर नकाशा लावला. रस्त्याची सरकारी जागा अरुंद आहे, म्हणून नवी जागा घ्यावी लागेल. आमच्या फाट्याच्या बाजूला दुकानं दाट, म्हणून जागा पलीकडून घ्यायची. पलीकडं म्हणजे आठ घरांची ओळ आणि पारूबाईची विहीर. पारूबाई विधवा, विहीर तिच्या सासऱ्यानं खोदलेली. दुष्काळात सगळा फाटा त्या विहिरीवर जगला होता. नकाशात विहीर निळ्या ठिपक्यासारखी होती आणि तिच्यावरून लाल रेघ गेली होती.

पारूबाई मागं बसली होती. आमच्यातलं कुणी मान वळवून तिच्याकडं बघेना. सरपंच म्हणाले, "कुणाची हरकत?"

तेव्हा आप्पा उठला.

"हरकत माझी हाय. रस्त्याला जागा कमी न्हाई. जागा आपुन गिळलीय."

सरपंच म्हणाले, "आप्पा, म्हंजी?"

"म्हंजी हद्दीचं दगड सरकलेत. फाट्याच्या बाजूचं समदं. डांबराकडं सरकलेत. कुणाचा कवा सरकला त्ये मला म्हाईत हाय. मी बघितलंय."

सगळे पुरुष जमिनीकडं बघत होते. मीसुद्धा.

"आनि दर साली मी त्या दगडास्नी चुना मारलाय," आप्पा म्हणाला. "खोट्या जागंवर. मॅडमनी चुना बघून मोजलं आसंल. त्यांची चूक न्हाई. पयला गोठा माझाच हाय. पाच हात रस्त्यात हाय."

मॅडम खुर्चीतून अर्धवट उठल्या. म्हणाल्या, "खात्याच्या माणसानं चुना मारलेले दगड, म्हणून आम्ही तेच खरे धरले."

"धरणारच की. मी खात्याचाच मानूस."

मग गलका झाला. एकजण ओरडला, "इतकी वर्सं गप बसला, मग तूच चोर!"

आप्पा म्हणाला, "व्हय. पयला मी. पर ऐका. पलीकडल्या आठ घरांनी दगड हलवला न्हाई. म्हणून त्यांचीच घरं पाडायची? आपुन हलवायचा आनि पडायचं त्यांचं? चार पदर कशाला पायजेत? आपली गिळलेली जागा सोडा. वळण उघडं करा, चर काढा, दोन जागी ट्रॉल्यास्नी इसावा द्या. खर्च किती व्हतोय बघा, आनि चार पदरांचा किती व्हतोय बघा. मग बोला."

सरपंच गोड बोलले, "आवं आप्पा, तुमच्या बी रानाला मोबदला येणार हाय."

"म्हणून तर उभा ऱ्हायलो. न्हाईतर म्हणला असता, ह्याला काय मिळत न्हाई म्हणून जळतोय."

चहा सांडला तो इथं.

मला राग कशाचा आला ते लिहितो. तीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी पहारीनं माझ्या कोपऱ्याचा दगड उकरला आणि चार हात डांबराकडं नेऊन पुरला. शेडाला जागा कमी पडत होती. सगळेच करत होते. माती चोपून उभा राहतो तोवर समोर आप्पा. मी घामानं निथळत होतो. त्यानं माझ्या माठातलं पाणी प्यालं, तांब्या उपडा ठेवला आणि निघून गेला. त्या दिवाळीला त्यानं दगडाला नव्या जागी चुना मारला. मी तीस वर्षं समजत होतो की त्याच्या ध्यानात आलं नाही. जो माणूस रस्त्यावरचा खिळा सोडत नाही, त्याला चार हात सरकलेला दगड दिसला नसेल? मीच मूर्ख.

सभा सुटल्यावर मी त्याला वाटेत गाठला. "माझं नाव घेणार हुतास काय?"

तो चालतच राहिला. "घेतलं का?"

"घेणार हुतास काय, त्ये इचारलंय."

"बापू, मला घरी जाऊ दे. गोठा पाडायचाय."

मला वाटलं बोलतोय नुसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याचा आवाज आला म्हणून बघायला गेलो, तर आप्पा खरंच गोठ्यावर चढलेला. खाली सगुणावहिनी, म्हणजे त्याची बायको, कमरेवर हात देऊन उभ्या. म्हैस रस्त्याकडं तोंड करून रवंथ करत होती.

"आवं, म्हशीला काय तुमच्या डोक्यावर बांधू?"

"बांध. तिथं रिकामीच जागा हाय."

"माझी चेष्टा करू नगा! लेकाला काय सांगायचं?"

लेकाचा फोन तेवढ्यात आलाच. वहिनींनी फोन मोठ्या आवाजात लावला आणि वर केला. लेक तिकडून म्हणत होता, "बाबा, आमाला हितं शिकवत्यात पोस्ट सोडायची न्हाई. आन तुमी हातचं सोडताय?"

आप्पा वरून म्हणाला, "मी पोस्टवरच हाय रं." आणि पत्रा खाली टाकला.

वहिनींनी पदर खोचून पत्र्याचं दुसरं टोक धरलं. मी बघत उभा होतो. हात लावला नाही. मला त्या वेळी त्याची इतकी चीड आली होती की पुढं पाच-सहा आठवडे मी त्याच्याशी बोललो नाही. तो सकाळी यायचा, फळीवर खिळे ओतायचा. मी चहा सांगायचो, पण त्याच्याकडं न बघता. तो प्यायचा आणि जायचा. दोघंही हट्टी.

मॅडमनी सभेच्या दिवशी सांगितलं होतं, "तुम्ही लेखी द्या, मी जुना नकाशा काढते. पण गाव स्वतः मागं सरकल्याशिवाय वर माझं कुणी ऐकणार नाही." आप्पानं लेखी दिलं. गोठा गेल्यावर आणखी चौघांनी ओटे, टपऱ्या, कुंपणं मागं घेतली. काहींनी लाजेनं, काहींनी पारूबाई रोज समोर दिसते म्हणून. बाकीचे म्हणाले, मोजणी होऊ दे, मग बघू. मी त्या बाकीच्यांतला.

मोजणीच्या दिवशी मॅडम, तलाठी आणि दोन माणसं फीत घेऊन आली. आप्पा पुढं, हातात पहार. एकेका दगडापाशी थांबायचा आणि खरी जागा दाखवायचा. "हितनं तीन हात मागं. उकरा." उकरलं की जुन्या दगडाच्या खालची चुन्याची, खडीची भरणी लागायची. ज्याचा दगड, तो शेजारी उभा राहून म्हणायचा, "बाच्या वेळचं हाय, मला काय म्हाईत." कुणी आप्पाला तोंडावर शिवी दिली. त्यानं ऐकून घेतली आणि पुढच्या दगडाकडं गेला.

दुपारी सगळे माझ्या वळणावर आले. दगड माझ्या शेडाच्या कोपऱ्यात, अर्धा पत्र्याच्या आत. मी मुद्दामच एक टायर खोलत बसलो होतो. वळण उघडं करायचं तर सगळा खेळ ह्या दगडावर होता. इथं जागा सुटली नाही, तर वळण पलीकडून कापावं लागणार आणि पारूबाईचं अंगण जाणार. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही.

मॅडमनी विचारलं, "हा दगड जागेवर आहे का?"

मी आप्पाकडं बघितलं. मला वाटलं, एक तर हा सांगणार आणि मी जन्मभर त्याला शिव्या घालायला मोकळा होणार. नाहीतर तो दोस्तीला जागणार, आणि मग बाकीच्यांपुढं त्याचं तोंड राहणार नाही. ह्या दोनपैकी एक होणार, ह्यात मला शंका नव्हती.

आप्पानं पहार जमिनीवर आडवी ठेवली. म्हणाला, "ह्या दगडाचं मी सांगणार न्हाई. बापूला इचारा."

टायर खोलायची टॉमी माझ्या हातातच राहिली. दुसऱ्या कुणाच्याही दगडाला तो असं म्हणाला नव्हता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. पलीकडं पारूबाई उंबऱ्यात उभी होती. त्याला शिव्या घालायचा जो हक्क मला मिळणार होता, तोही त्यानं काढून घेतला.

मी उठलो. मोठा सत्यवादी म्हणून उठलो नाही, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. मी रागानं उठलो.

"मी हलवला," मी म्हटलं. "चार हात. आनि हलवताना ह्यानं डोळ्यानं बघितलं, माझ्या माठातलं पानी पिऊन गेला. दोन्ही लिवा!"

तलाठ्यानं लिहायला पेन टेकलं. मॅडमनी त्याला थांबवलं. त्या आप्पाला बाजूला घेऊन हळू बोलल्या, पण मी जवळच होतो. "आप्पा, सभेत बोललात ते वेगळं. पंचनाम्यात हे आलं, तर तुमच्यावर चौकशी लागू शकते. नोकरीत असताना बघून गप्प राहिलात, असं होईल. नुसतं त्यांचं लिहू या का?"

मला वाटलं, आता मागं घेईल. घ्यायला हरकत नव्हती. मीसुद्धा काही म्हणालो नसतो.

आप्पा म्हणाला, "लिवा. बापूचंच कशाला, समद्या दगडांचं लिवा. समदे मी बघितल्यात."

"का गप्प राहिलात पण?"

तो म्हणाला, "मानसं आपली हुती. रोज चहा पाजायची. वाटलं, चार हातानं काय व्हतंय. चार हात, चार हात करत पारूबाईच्या हिरीपातूर गेलं त्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मग त्यानं सही केली. सही करताना जीभ दाताखाली धरायचा, तशी धरली. त्याच्या खाली मी केली.

शेड मी दोन दिवसांत मागं घेतलं. लोक म्हणतात आप्पामुळं घेतलं. तसं नाही. मी चारचौघांत बोललो होतो, म्हणून घेतलं. त्यानंतर आमच्या बाजूचं एकही कुंपण पुढं राहिलं नाही. मॅडमनी वर काय लिहिलं, किती भांडल्या, ते मला माहीत नाही. पण आमच्या तुकड्यात चौपदरीचं काम थांबलं आणि आहे त्या जागेत दुरुस्ती आली. वळण उघडं झालं, चर दगडानं बांधला, दोन इसावे झाले. एक आप्पाच्या रानाशेजारी आणि एक माझ्या जुन्या शेडाच्या जागी. पुढं सांगलीच्या बाजूला अजून लाल रेघेचं भांडण चालू आहे, असं ऐकतो.

आणि आप्पाला नोटीस आली. साताऱ्याच्या कचेरीत हजर राहून खुलासा द्यावा.

मी म्हटलं, "मी येतो संगं. मी बी सही केलीय."

"तू कशाला? तुझा दगड सरळ झाला. आता टायर बघ."

साताऱ्यात काय झालं ते मला नंतर कळलं. त्यानं जे सभेत सांगितलं तेच सांगितलं, एक शब्द कमी नाही. साहेब म्हणाले, कळवू. दुपारी तो स्टँडवर येऊन परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला. गाडी लागली, माणसं चढली, हा बसूनच. शेजारच्याला वाटलं डोळा लागला. गाडी निघाली तरी उठेना, तेव्हा हलवून बघितलं. सायंकाळी त्याला रुग्णवाहिकेतून ह्याच रस्त्यानं आणला. फाट्यावर एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती, आणि त्यांत त्याला शिव्या दिलेले सगळे होते. चौकशीचं काय झालं हे कुणी कळवलं नाही. सगुणावहिनींना मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पण मला तो आठवतो तो त्या दिवशीच्या सकाळचा.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. साताऱ्याची एसटी फाट्यावर थांबली. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या दारानं चढला. गाडी हलली आणि वळणावर जाऊन लगेच अडकली. पुढं दोन ट्रॉल्यांचा ऊस, ट्रॅक्टरवाला कुठून लांबून आलेला, इसावा कशाला आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मागं दोन मोटारी, दुधाचा टेम्पो, सगळे हॉर्न वाजवत होते. मी म्हटलं, मी जातो. तोवर एसटीचं दार उघडलं आणि आप्पा खाली उतरला.

"ए गड्या! हिकडं घे, हिकडं! रस्ता तुझ्या आज्ज्याचा हाय व्हय?"

पिशवीवाला हात वर, दुसरा हात कमरेला. ट्रॅक्टरवाला भांबावून इसाव्यात शिरला. आप्पानं मागच्या ट्रॉलीचं शेवटचं चाक डांबरावरून उतरेपर्यंत बघितलं, मग मोटारींना हात केला, मग टेम्पोला, आणि मग एसटीलाही. ड्रायव्हरनं हात बघितला आणि गाडी सोडली. आप्पा रस्त्यातच.

"आरं, मला!" तो ओरडला.

कंडक्टरनं घंटा मारली. आप्पा एका हातानं धोतर आवरत पळायला लागला. त्या वयात तो असा पळू शकेल हे मला माहीत नव्हतं. कंडक्टरनं दारातून हात पुढं केला, आप्पानं तो धरला. एक पाय पायरीवर गेला, दुसरा क्षणभर रस्त्यावर राहिला. मग तोही वर गेला.

वळण आता मोकळं आहे. गाडी मला पार पलीकडच्या टोकापर्यंत दिसत राहिली. ती कुठंही थांबली नाही.